तोंडातला काळा डाग: या चुका टाळा

केसपेपरवर ‘हिरडीवर काळा डाग, मिश्रीमुळे’ एवढंच लिहिलेलं दिसलं की मी तो इंटर्नला परत देते. निफाड-दिंडोरीकडच्या बायका मिश्री लावतात, कबूल. म्हणून त्यांच्या तोंडात दुसरा कुठला डाग होऊच शकत नाही, असं कुठे आहे? आधी ओला गॉज घेऊन पुसून बघा. पुसून किंवा स्केलिंगने (दातांवरचा थर खरवडून) निघाला तर तो वरचा थर होता. निघाला नाही, तर तुमचं काम आता सुरू झालं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंग बघायचा आणि तारीख विचारायची नाही. आपल्या लोकांच्या हिरड्या काळपट असणं हे अगदी सर्वसाधारण. पण तो काळेपणा लहानपणापासूनचा असतो, दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि वाढत नाही. मोठेपणी नव्याने आलेला रंग ‘असतोच आपल्याकडे’ म्हणून सोडायचा नसतो.

सिन्नरकडची एक मुलगी आईबरोबर दाढ दुखते म्हणून आली होती. लग्न ठरलेलं. हिरड्या फोटोत काळ्या दिसतात म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात लेझरने गुलाबी करून घ्यायची तारीखही मिळालेली. मी गाल बाजूला केला तर आत निळसर-तपकिरी चट्टे, जिभेच्या कडेलाही तेच. ‘हे लहानपणापासून आहे का?’ विचारल्यावर आईने मोबाईल काढला. ‘नाही हो मॅडम, साखरपुड्यात बघा कशी हसलीय.’ फोटो गेल्या वर्षीचा. हिरड्या स्वच्छ गुलाबी.

मग हात बघितले. तळहाताच्या रेषा काळ्या, बोटांचे सांधे काळे. आईच्या मते उन्हामुळे. वजन उतरलेलं, ते लग्नाच्या टेन्शनमुळे. आणि कार्टी जेवताना लोणच्याचा खार वाटीभर घेते, ही वेगळी तक्रार. बीपी मुळात कमी, उभं करून घेतलं तर आणखी खाली. दाढेला हात न लावता फिजिशियनकडे पाठवलं. सकाळी आठचं कॉर्टिसॉल (ताण झेलायला लागणारं हार्मोन) पार तळाला, एसीटीएच (ते बनवायला लावणारं हार्मोन) वाढलेलं, सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. अ‍ॅडिसनचा आजार. म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी हार्मोन कमी बनवतात, काळेपणा, वजन उतरणं, खारटाची ओढ, सगळं त्यातूनच. पुढे तपासात निघालं की या ग्रंथी टीबीने पोखरल्या होत्या. थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ साली हा आजार मांडला तेव्हाही टीबी हे मोठं कारण होतं, आपल्याकडे ते अजून संपलेलं नाही.

लेझर मारला असता तर रंग परत आलाच असता. पण अशा शरीराला ऑपरेशनचा किंवा साध्या तापाचाही ताण झेपत नाही, बीपी कोसळून जिवावर बेततं. हिरड्या गुलाबी करून द्यायला माझी हरकत नाही, पैसे मिळतात, पेशंट खूश होतो. फक्त मशीन लावण्याआधी ‘कधीपासून’ हा एक प्रश्न विचारा आणि तळहात उलटे करून बघा. मी तर हिरडीची तक्रार असली की आधी हातच मागते.

निळा-जांभळा डाग दिसला की काचपट्टीने दाबा. फिका पडला तर रक्तवाहिनीचा आहे, ओपीडीत खुर्चीवर बसल्या बसल्या त्याची बायोप्सी घ्यायला जाऊ नका. फिका पडला नाही म्हणून रक्तवाहिनीचा नाहीच असंही नाही, आत गुठळी असली तर तो दाबला जात नाही. म्हाताऱ्या माणसांच्या जिभेखालच्या फुगलेल्या शिरांना मात्र उगाच त्रास देऊ नये.

चांदी भरलेल्या दाढेशेजारी राखाडी सपाट डाग असेल तर अमाल्गम टॅटूचा (चांदीचे कण हिरडीत शिरून पडलेल्या डागाचा) विचार करा आणि आयओपीए, म्हणजे त्या दाढेचा छोटा एक्स-रे, काढा. पांढरे कण दिसले तर प्रश्न मिटला. दिसले नाहीत तरी अमाल्गम असू शकतं, कारण बारीक कण एक्स-रेत येतच नाहीत, मग बायोप्सी. आता चांदी दिसत नसेल तर तिथली दाढ कधी काढली होती का, तेही विचारा.

‘गोळ्या चालू आहेत का?’ याला उत्तर हमखास ‘नाही’ असं येतं. मी पिशवी उघडायला लावते. संधिवाताची हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, रक्ताच्या कॅन्सरची इमॅटिनिब, मुरुमांची मिनोसायक्लिन, या तिन्ही टाळूवर निळा-करडा रंग आणतात.

लहान मुलाच्या ओठांवर तपकिरी ठिपके आणि अधूनमधून पोटदुखी असेल तर पॉईट्झ-जेगर्स हा आनुवंशिक आजार डोक्यात ठेवा, आतड्यात पॉलिप असू शकतात.

आता टाळू. इथल्या एकट्या काळ्या डागाला ‘सहा महिन्यांनी दाखवा’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तोंडातला मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर) दुर्मिळ आहे, पण तो जास्त करून टाळूवर आणि वरच्या हिरडीवरच होतो. सुरुवातीला सपाट असतो, दुखत नाही, त्यामुळे पेशंट येतो तो कवळी बसेना किंवा रक्त येऊ लागलं की. कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात दोन-तीन छटा, वाढत जाणं, ही लक्षणं माहीत असावीत. पण ती दिसेपर्यंत थांबायचं नसतं. कारण न सापडलेला एकटा डाग म्हणजे बायोप्सी, मग तो कितीही निरुपद्रवी दिसो. लहान असेल तर पूर्ण काढा, मोठा असेल तर सगळ्यात गडद किंवा जाड भागातून घ्या. लेझरने जाळून टाकाल तर पॅथॉलॉजिस्टला पाठवायला काय उरणार?

आणि त्या पॅथॉलॉजिस्टची कीव करा. फॉर्मवर ‘बायोप्सी, तोंड’ एवढंच लिहून बाटली पाठवणारे महाभाग अजून आहेत. जागा, माप, कधीपासून, औषधं, दाबल्यावर काय झालं, एक्स-रेत काय दिसलं, तुमचा अंदाज काय, सगळं लिहा. कापण्याआधी शेजारी प्रोब (मापाच्या खुणा असलेली सळई) धरून फोटो काढा. तुकडा सलाईनमध्ये नको, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाका, आणि बाटलीवर नाव घाला, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात.