ताप आला की या चुका टाळा

गणपतीच्या आसपास आमच्या लॅबसमोर सकाळी साडेसातलाच रांग लागते. कुंडीखालच्या ताटल्यांत पावसाचं पाणी साचतं, डास वाढतात आणि डेंग्यू येतो. पुण्यात हे दरवर्षीचंच. सिंहगड रस्त्यावर मी ११ वर्षं रक्त घेते आहे. सुई टोचताना माणसं बोलतात आणि त्याच त्या चुका ऐकू येतात.

चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट

मागच्या सप्टेंबरात एक काका आले. आदल्या रात्रीपासून १०२ ताप. शेजाऱ्यांनी सांगितलंय, फक्त डेंग्यूची आयजीएम करा म्हणाले. "काका, आज एनएस-वन करू या, आयजीएममध्ये इतक्यात काही दिसणार नाही," असं मी दोनदा सांगितलं. ऐकेनात. रिपोर्ट निगेटिव्ह आला, काका निश्चिंत होऊन घरी गेले. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं म्हणून ॲडमिट करावं लागलं.

रिपोर्ट खोटा नव्हता, फक्त फार लवकर केला होता. नवा विषाणू शिरला की काही तासांत पहिल्या फळीच्या पांढऱ्या पेशी धावतात. समोर कोण आहे हे न बघता त्या लढतात. ओळख पटवण्याचं काम वेगळीकडे चालतं. काही पेशी विषाणूचा तुकडा घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात. तिथल्या असंख्य बी आणि टी पेशींमधून त्या तुकड्याशी नेमकी जुळणारी पेशी सापडावी लागते. ती सापडली की तिच्या हजारो प्रती तयार होतात. घसा दुखायला लागल्यावर जबड्याखाली दुखरी गाठ हाताला लागते ना, ती याच कामाची. याला दिवस लागतात, म्हणून या पेशींपासून बनणारी डेंग्यूची आयजीएम अँटीबॉडी (विषाणूला चिकटणारं प्रथिन) तापाच्या साधारण पाचव्या दिवसापासून दिसते. एनएस-वन हे विषाणूचंच प्रथिन, ते पहिल्या दिवसापासून सापडू शकतं.

"मला एकदा होऊन गेलाय"

गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, कारण स्मृतिपेशी त्याला ओळखून असतात. डेंग्यूला हा हिशोब लावू नका. त्याचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्याच प्रकारापासून टिकाऊ संरक्षण मिळतं. पुढच्या वेळी दुसरा प्रकार आला तर जुन्या अँटीबॉडी त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट पेशींच्या आत शिरायला त्याला मदत होते. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त जपायचा.

ताप उतरला की ऑफिस

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. ताप शरीरच चढवतं, कारण त्या उष्णतेत अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी जोमाने काम करतात. अंग ठणकत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्या. पण डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डेंग्यूतला धोक्याचा काळ ताप उतरतानाच सुरू होतो. प्रतिकाराच्या धुमश्चक्रीत सुटलेल्या रसायनांनी बारीक रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. सगळे प्लेटलेट विचारतात. त्याच जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधून निघणारा पीसीव्हीचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाचा, आकडा कोणी बघत नाही. तो चढत गेला तर रक्त घट्ट होतंय. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, लघवी कमी होणं, गळून जाणं, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की दिवस, हॉस्पिटल गाठा.

उरलेल्या गोळ्या

मागच्या वेळची ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक डब्यात असते, तीच घेतली जाते. विषाणूवर तिचा काही उपयोग नाही. पोटातले कामाचे जिवाणू मात्र मरतात.

इम्युनिटी वाढवायचा ध्यास

प्रतिकारशक्ती म्हणजे टाकी नव्हे की भरली म्हणजे झालं. जास्त आणि चुकीच्या दिशेने झालेला प्रतिकारही घात करतो, हे आमच्या भागाने जवळून पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी इथे जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम, यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते) रुग्ण एकापाठोपाठ सापडले. बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते. जुलाब घडवणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जिवाणूवरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. त्याच्यासाठी बनलेल्या अँटीबॉडी मग नसांवरच उलटतात आणि पायातलं बळ जातं. तेव्हा पाणी उकळून पिणं कुठल्याही काढ्यापेक्षा कामाचं होतं. गुळवेलीच्या काढ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्णही कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

बाळाचा पुढचा डोस चुकवणं

दीड महिन्याच्या लसीला ताप आला, म्हणून अडीच आणि साडेतीन महिन्यांची टाळतात. तो ताप म्हणजे शरीर धडा गिरवतंय. पहिल्या डोसला ओळख होते, पुढच्या डोसांनी ती पक्की होते. तारीख हुकली असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नसते, राहिलेला डोस घेऊन टाकायचा.

आमच्याकडे एक आजी येतात. घरात कोणाला ताप आला की कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीने वेळ आणि आकडा लिहितात. नातवाच्या वेळी ते पानच घेऊन आल्या होत्या. सोमवार, संध्याकाळी ६, १०१. कुठली टेस्ट करायची हे मला एका नजरेत कळलं.