उबंटूतून सॉफ्टवेअर मुळासकट काढताना

"ताई, गेम काढला, पण जागा काही वाढली नाही." गेल्या शनिवारी वाचनालयात संध्याकाळी बसणाऱ्या मुलाचा हा फोन आला. आमच्याकडे देणगीतून आलेले सहा जुने संगणक आहेत. प्रत्येकात ६० जीबीची एसएसडी आणि सगळ्यांवर उबंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली. एवढ्याशा जागेत एखादं सॉफ्टवेअर अर्धवट राहून गेलं की शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आलेल्या पोरीची पीडीएफसुद्धा सेव्ह होत नाही. म्हणून काढायचं तर मुळासकट काढा, असा माझा सगळ्यांकडे आग्रह असतो.

मी हे सारं फोनवरूनच सांगत असते, त्यामुळे आज्ञा इथेही उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप मात्र रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत करायचं. सुडो (पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द) म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट (सॉफ्टवेअर बसवणारी आणि काढणारी आज्ञा) म्हणजे ए-पी-टी. 'डॅश' म्हणजे आडवी छोटी रेघ, तिच्यानंतर जागा सोडायची नाही. 'टिल्ड' म्हणजे एस्केपच्या बटणाखालचं नागमोडी चिन्ह. आज्ञा टाइप करायची खिडकी म्हणजे टर्मिनल. ते उघडायला कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा.

पहिलं काम म्हणजे पॅकेजचं, उबंटूत सॉफ्टवेअर ज्या गठ्ठ्यात येतं त्याचं, खरं नाव शोधणं. मेनूत दिसणारं नाव आणि पॅकेजचं नाव पुष्कळदा वेगळं असतं. मेनूत 'व्हिडिओज' दिसतं, पण ते पॅकेज आहे टोटेम. 'फाइल्स'चं पॅकेज नॉटिलस. काय काय बसवलेलं आहे ते असं बघा:

ॲप्ट लिस्ट डॅश-डॅश-इन्स्टॉल्ड

यादी मोठी येते. म्हणून त्याच ओळीत पुढे उभी रेघ, मग ग्रेप (जी-आर-ई-पी) आणि नावाचा आठवतो तेवढा तुकडा लिहा. त्या मुलाने काढलेला गेम 'झिरो ए.डी.' होता. फुकट आणि मुक्त आहे, त्यात मौर्य साम्राज्य घेऊन खेळता येतं, चंद्रगुप्त आणि अशोक नायक म्हणून मिळतात. मुलांचा जीव त्यात का अडकतो ते मला कळतं. पॅकेजचं नाव टाइप करताना शून्याचा अंक, मग ए, मग डी, मधे जागा नाही. यादीत त्या नावाच्या तीन-चार ओळी असतात. खुद्द गेम छोटा आहे. चित्रं, आवाज, नकाशे 'डेटा' नावाच्या वेगळ्या पॅकेजात असतात आणि ते एकटंच एक जीबीहून मोठं आहे. मुलाने नुसता गेम काढला होता, डेटा तिथेच होता.

आता काढायची आज्ञा. बहुतेक जण 'रिमूव्ह' वापरतात. त्याने प्रोग्रॅम जातो, पण स्लॅश-ईटीसी या फोल्डरमधल्या त्याच्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात. त्या जाणूनबुजून ठेवलेल्या असतात. उद्या तेच सॉफ्टवेअर परत बसवलं तर जुनी घडी तयार मिळावी, म्हणून. आपल्याला ते नको असेल तर 'पर्ज' (पी-यू-आर-जी-ई):

सुडो ॲप्ट पर्ज झिरोएडी

एंटर दाबल्यावर पासवर्ड मागेल. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. घाबरू नका, तो घेतला जातो. मग काय काय काढलं जाणार त्याची यादी येते, किती जागा मोकळी होईल ते येतं आणि शेवटी वाय की एन असा प्रश्न. इथे थांबायचं. नावांच्या शेवटी छोटी चांदणी असेल तर सेटिंगसकट जाणार असं समजा. आणि ती यादी बोट ठेवून, एकेक नाव वाचा.

हे मी इतकं घोळून सांगते त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे मदतीला येणाऱ्या एकाने "हे पायथन कशाला लागतं, काढून टाकू" म्हणून पायथन-३ काढलं. यादीत दीडेकशे नावं आली. उबंटू-डेस्कटॉप, जीडीएम-३ (लॉगिनचा पडदा दाखवणारं) अशी नावं त्यात स्पष्ट होती. त्याने न वाचता वाय दाबला. पुन्हा चालू केल्यावर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ. उबंटूची बरीच स्वतःची कामं पायथनवर चालतात, त्यामुळे ते काढलं की त्यावर उभं असलेलं सगळंच सोबत जातं. तुम्ही एक छोटा प्रोग्रॅम काढताय आणि यादीत उबंटू-डेस्कटॉप, जीडीएम-३ किंवा नेटवर्क-मॅनेजर दिसलं, तर एन दाबा आणि कुणाला तरी विचारा. धाकधूक वाटत असेल तर आधी रंगीत तालीम करा. त्याच आज्ञेत ॲप्टनंतर 'डॅश-एस' लिहिलं की काय होईल ते फक्त दिसतं, होत काहीच नाही.

पर्ज झालं की सोबत आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजेस उरतात. आपल्या गेमचा डेटा हा त्यातलाच.

सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह डॅश-डॅश-पर्ज

पुन्हा यादी, पुन्हा वाचन. यात एखादं तुमच्या रोजच्या वापरातलं नाव आलंच, तर आधी 'सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल' आणि ते नाव असं लिहा, म्हणजे ते आपण होऊन ठेवलेलं आहे हे ॲप्टला कळतं.

पूर्वी कधी नुसतं 'रिमूव्ह' केलेल्या गोष्टींच्या सेटिंग्ज अजून पडून असतील. 'डीपीकेजी डॅश-एल' चालवा. ओळीच्या सुरुवातीला आय-आय असेल तर पॅकेज बसवलेलं आहे. आर-सी असेल तर पॅकेज गेलंय, सेटिंग उरलीय. आमच्या एका संगणकावर अशा चाळीसच्या वर ओळी निघाल्या. सगळ्या एकदम साफ करायला:

सुडो ॲप्ट पर्ज '~सी'

त्या एकेरी अवतरणात टिल्ड आणि इंग्रजी सी. अवतरणचिन्हं विसरू नका.

मात्र डेटाबेस असेल तर या घाईत पडू नका. वाचनालयाच्या नोंदींसाठी एका संगणकावर आम्ही 'कोहा' बसवून पाहिलं होतं. त्याच्या सगळ्या नोंदी मारियाडीबी नावाच्या डेटाबेसात असतात. मारियाडीबीचा सर्व्हर पर्ज करताना एक पडदा येऊन विचारतो की डेटाबेसही पुसायचे का. मी त्या दिवशी हो म्हटलं. अकराशे पुस्तकांच्या नोंदी गेल्या, आणि दोन मुलींनी दिवाळीची सुट्टी घालवून त्या भरलेल्या होत्या. आम्ही तिघींनी बसून पुन्हा भरल्या. आता मी आधी 'मायएसक्यूएलडम्प' या आज्ञेने सगळे डेटाबेस पेनड्राइव्हवर काढते, ती फाइल उघडून बघते, मगच पर्ज.

ॲप्टच्या यादीत सॉफ्टवेअर सापडलंच नाही तर ते बहुधा स्नॅप, म्हणजे ॲप्टहून वेगळ्या पद्धतीने बसवलेलं पॅकेज, असतं. उबंटू २२.०४ मधला फायरफॉक्ससुद्धा स्नॅप म्हणूनच येतो. 'स्नॅप लिस्ट' लिहून पाहा. नुसतं 'स्नॅप रिमूव्ह' केलं तर तुमच्या डेटाची एक प्रत एरवी ३१ दिवस जपून ठेवली जाते, आणि जागा अडते ती तिनेच. नको असेल तर:

सुडो स्नॅप रिमूव्ह डॅश-डॅश-पर्ज, पुढे नाव

आधीच काढून बसला असाल तर 'स्नॅप सेव्ह्ड' लिहून प्रतीचा क्रमांक पाहा आणि 'सुडो स्नॅप फर्गेट' पुढे तो क्रमांक द्या. फ्लॅटपॅक ही तशीच आणखी एक पद्धत वापरत असाल तर 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल डॅश-डॅश-डिलीट-डेटा' आणि नाव. बाहेरचा पीपीए, म्हणजे सॉफ्टवेअरचा वेगळा साठा, जोडून बसवलं असेल तर 'सुडो ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी डॅश-डॅश-रिमूव्ह'ने तो पीपीएही काढा, नाहीतर दर अपडेटला तिकडे विचारणा चालूच राहते.

आता घर. पर्ज कितीही केलं तरी ॲप्ट तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही, आणि लावूही नये, कारण तिथलं सगळं वापरणाऱ्याचं असतं. झिरो ए.डी.च्या सेटिंग्ज, खेळ आणि साठवण टिल्ड-स्लॅश (म्हणजे तुमचा होम फोल्डर) पुढे डॉट-कॉन्फिग, डॉट-लोकल-स्लॅश-शेअर आणि डॉट-कॅश या तीन ठिकाणी असतात. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेले फोल्डर लपलेले असतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतात. मी तिथेच गेमच्या नावाचा फोल्डर निवडून कचऱ्यात टाकायला सांगते. टर्मिनलमधून आरएम ही पुसायची आज्ञा वापरली तर परत मिळत नाही, आणि एक जागा चुकून जास्त पडली तरी भलतंच पुसलं जातं. होममध्ये सुडो लावून तर आरएम कधीच नाही.

संगणकावर जितकी खाती, तितकी घरं. त्या मुलाने स्वतःच्या खात्यातलं साफ केलं होतं, पण गेम खेळणारी दोघं वेगळ्याच खात्यांवर होती. त्यांना बोलावून त्यांच्या देखत, जतन केलेले खेळ हवेत का ते विचारून, काढलं. एकाने आपला फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला.

शेवटी उतरवलेल्या जुन्या फाइली 'सुडो ॲप्ट क्लीन'ने काढल्या आणि 'डीएफ डॅश-एच' लावून पाहिलं. सकाळी ३ जीबी मोकळी होती, आता ६ दिसत होती. खिडकीजवळच्या सहाव्या संगणकावर मात्र तो गेम अजून आहे. रविवारी दहा ते बारा तिथे मौर्यांची लढाई चालते.