पाढ्यांच्या आधी : मुलांना टप्प्याने मोजायला कसे शिकवावे

पाच, दहा, पंधरा, वीस असे पन्नासपर्यंत न अडखळता म्हणणाऱ्या दुसरीतल्या एका मुलीपुढे मी जास्वंदीची चार फुले ठेवली आणि सगळ्या मिळून पाकळ्या किती, असे विचारले. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या असतात हे तिनेच मला सांगितले होते; तरीही तिने पहिल्या फुलाच्या पहिल्या पाकळीवर बोट ठेवून एक, दोन, तीन अशी सुरुवात केली आणि वीसपर्यंत पोचल्यावरच ती थांबली. उत्तर बरोबर होते, परंतु तोंडातल्या पाच-दहा-पंधराची आणि समोरच्या फुलांची गाठ पडलेली नव्हती. गोव्यात डिचोलीकडच्या मराठी प्राथमिक वर्गांत शिकवताना हे मी इतक्यांदा पाहिले आहे की, टप्प्याची मोजणी गाण्यासारखी पाठ करून घेण्याची घाई मी आता करत नाही.

टप्प्याने मोजताना मुलाला एकाच वेळी दोन हिशेब ठेवावे लागतात : आतापर्यंत एकूण किती झाले आणि किती गट मोजून झाले. आपल्या पाढ्यात हे दोन्ही हिशेब शब्दांतच बसवलेले आहेत. ‘बे त्रिक सहा’ म्हणताना ‘बे’ हा गटाचा आकार, ‘त्रिक’ ही गटांची संख्या आणि ‘सहा’ हे एकूण. नुसते ‘दोन, चार, सहा’ म्हणताना मधला शब्द गळलेला असतो आणि तो मुलाने स्वतःच्या बोटांवर ठेवायचा असतो. म्हणून पुढे दिलेल्या प्रत्येक कृतीत, एक गट मोजून झाला की एक बोट उघडायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

साहित्य विकत आणण्याची गरज नाही. दोनच्या टप्प्यासाठी आपल्याकडे तिसऱ्यांइतके, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांइतके, सोयीचे काही नाही, कारण प्रत्येक तिसरीला दोन शिंपले असतात आणि ते जोडलेलेच मिळतात. रविवारच्या जेवणानंतर उरलेले शिंपले धुऊन उन्हात वाळवले की वर्षभर पुरतात. शाकाहारी घरात चिंचोके चालतील. कच्च्या काजूबिया मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण त्यांच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते.

सुरुवातीला दहा जोड्या एका ओळीत मांडाव्यात आणि मुलाने सगळे शिंपले एकेक करून मोजावेत, पण जोडीतला पहिला आकडा कुजबुजत आणि दुसरा मोठ्याने : एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. दोन-तीन दिवसांनी कुजबुजणे मनातल्या मनात होऊ लागते आणि मोठ्याने म्हटलेले आकडेच उरतात. ही पायरी गाळून थेट ‘दोन, चार, सहा’ पाठ करून घेतले, तर मधले आकडे कुठे गेले हे मुलाला कधीच कळत नाही. घरात कोकणी बोलणारे मूल ‘दोन, चार, स, आठ, धा’ म्हणू लागले तर ते थांबवू नये. मोजणी ज्या भाषेत पक्की असेल त्या भाषेत आधी होऊ द्यावी. मराठी शब्द आठवड्याभरात आपोआप येतात.

यानंतरची कृती माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे. नारळाच्या चार-पाच करवंट्या पालथ्या घालाव्यात आणि मुलाच्या देखत प्रत्येकीखाली तीन-तीन चिंचोके ठेवावेत. आता चिंचोके दिसत नाहीत, त्यामुळे एकेक मोजण्याची वाट बंद होते. मुलाने करवंटीवर टकटक करायची, एक बोट उघडायचे आणि तीन म्हणायचे. दुसऱ्या करवंटीला दुसरे बोट आणि सहा. काही मुले करवंटीवर तीनदा टकटक करून लपलेले चिंचोके मोजू पाहतात. त्यांना रागावू नये, करवंटी उचलून दाखवावी आणि पुन्हा झाकावी. शेवटी करवंट्या किती आणि चिंचोके किती हे दोन्ही विचारावे आणि ‘चार करवंट्या, बारा चिंचोके’ असे पूर्ण वाक्य म्हणवून घ्यावे.

अंगणात खडूने शून्य ते तीसपर्यंतची रेघ आखून तिच्यावर उड्या मारायला लावणे मुलांना फार आवडते. येथे एक चूक हटकून होते : ज्या आकड्यावर मूल उभे असते तोही ते मोजते. म्हणून उभे राहायचे ते शून्यावर, आणि शून्यावर उभे असताना उड्या किती झाल्या हे विचारायचे. ‘एकही नाही’ हे उत्तर आल्याशिवाय पहिली उडी नाही.

क्रमाविषयी बोलायचे तर दोननंतर दहा, मग पाच, आणि त्यानंतर तीन व चार असा क्रम मला सोयीचा वाटतो. पाचच्या टप्प्याला शेवटचा अंक पाच किंवा शून्यच येतो, हे मुले स्वतः शोधतात. ते आपण आधी सांगून टाकू नये. घड्याळातल्या मिनिटांसाठी हाच टप्पा पुढे लागतो. तीनसाठी रिक्षाची चाके घ्यावीत, दहासाठी कुर्लीचे (खेकड्याचे) पाय, कारण दोन नांग्या धरून ते दहा भरतात. सातसाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकाच वाराच्या तारखा पाहाव्यात. महिन्याचा पहिला सोमवार ३ तारखेला असेल तर पुढचे १०, १७, २४ आणि ३१ ला येतात. सातचा टप्पा तिसरीपर्यंत पक्का झाला नाही तरी चिंतेचे कारण नाही.

मराठी संख्यानामांचा येथे फायदाही होतो आणि अडचणही. चारपासून दहा-दहाने पुढे गेले की चार, चौदा, चोवीस, चौतीस, चव्वेचाळीस, चौपन्न असे येते, आणि प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला चारची ओळख कानाला पटते. मात्र आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, त्यामुळे ‘चोवीस’ ऐकून ४२ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. नऊची मालिका तर वेगळीच : एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. ‘एकोण’ म्हणजे एक उणे, तीसला एक कमी म्हणून एकोणतीस, हे मण्यांच्या माळेवर दाखवले की छत्तीसनंतर एकोणचाळीसवर अडणारे मूल सुटते. नव्व्याण्णव ही रीत पाळत नाही. तो अपवाद म्हणून सांगून पुढे जावे.

हे जमू लागले की गट ओळींत मांडावेत. ताटात चार-चार शिंपल्यांच्या तीन ओळी ठेवून मुलाकडून चार, आठ, बारा असे मोजून घ्यावे, आणि मग ताट पाव फेरा फिरवून तेच शिंपले तीन, सहा, नऊ, बारा असे मोजायला लावावेत. एकही शिंपला हललेला नसताना तीन चोक आणि चार त्रिक दोन्ही बाराच येतात, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला पुढे निम्मे पाढे नव्याने पाठ करावे लागत नाहीत. सोबत घरातले प्रश्न विचारत राहावे. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, रोज चार पाव घेतले तर आठवड्याचे किती, हा प्रश्न कागदावरच्या दहा गणितांपेक्षा अधिक काम करतो. दिवसाला दहा मिनिटे पुरतात, आणि मूल कंटाळले तर पाचही.

पाढे पाठ करायला घ्यावेत की नाही हे मी एकाच प्रश्नाने ठरवते. जास्वंदीची पाच फुले मांडून मुलाकडून पंचवीस पाकळ्या मोजून घ्यायच्या, मग गप्पा मारता मारता सहावे फूल शेजारी ठेवायचे आणि आता किती, असे विचारायचे. मूल पुन्हा पहिल्या फुलाकडे गेले तर करवंट्या आणखी आठवडाभर राहू द्याव्यात. पंचवीसवरून त्याने एक उडी घेऊन ‘तीस’ म्हटले आणि सहावे बोट उघडले, की त्याच दिवशी ‘पाच सक तीस’ म्हणायला शिकवावे.