शिडाची नौका धक्क्याला लावताना: नाळ आत की पिछाडी आत?

मांडवीच्या पात्रात दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो आणि ओहोटीचे पाणी त्याच्या उलट समुद्राकडे ओढते; त्यामुळे नौका कोणत्या बाजूने आत घ्यायची, हे सवयीपेक्षा त्या घटकेच्या वाऱ्यापाण्यावर ठरवावे. नाळ (नौकेचे पुढचे टोक) पुढे ठेवून शिरणे सोपे, कारण इंजिनाच्या पंख्याने मागे लोटलेले पाणी थेट सुकाणूवर आदळते आणि कमी वेगातही नौका वळते. उलट जाताना हा प्रवाह सुकाणूला मिळत नाही. शिवाय पुढे जाताना उजवीकडे फिरणारा पंखा उलट फिरू लागला की पिछाडी डावीकडे सरकते आणि आडवा वारा नाळेला ढकलून देतो. म्हणून मोकळ्या पाण्यातच उलट गती घेऊन, सुकाणू चालू लागल्यावरच जागेकडे वळावे, आणि त्याचा दांडा घट्ट धरावा, कारण तो हातातून हिसकला जातो.

पिछाडी आत घेण्याचा एवढा खटाटोप माणसांना नौकेत चढण्या-उतरण्याच्या सोयीसाठी असतो. वयस्कर पाहुणे असतील तर तो सार्थकी लागतो, एरवी नाळ आत बरी. धक्का तरंगता नसेल, तर उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत होणाऱ्या सुमारे २ मीटर चढउतारासाठी दोर लांब सोडावेत.