ट्रामच्या पॉइंट्सवर नवीन ड्रायव्हर हमखास करतात त्या चुका, या टाळा

मेलबर्नमध्ये ट्राम चालवायला लागल्यापासून घरून फोन आला की कोणी ना कोणी विचारतंच, अरे ट्रामला स्टिअरिंग नसतं ना, मग वळते कशी? वळते ती सांध्यावर, म्हणजे एका रुळाला दोन फाटे फुटतात तिथे. आपल्याकडे रेल्वेत सांधा आणि सांधेवाला म्हणतात ना, तेच इथे पॉइंट्स, फक्त सांधेवाला बहुतेक वेळा आपण स्वतःच. माझ्या ओळखीतले दोघं-तिघं आत्ता ट्रेनिंगला आहेत आणि सगळ्यांचे प्रश्न सेम, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी वस्तू काय आहे ते बघा. रस्त्यात पुरलेल्या रुळाला खाच असते, त्या खाचेत चाकाची आतली कड चालते, फ्लँज म्हणतात ती. पॉइंटवर त्या खाचेत एक स्टीलचं पातं बसवलेलं असतं, एका टोकाला बिजागरीसारखं अडकवलेलं आणि दुसरं टोक सुरीसारखं निमुळतं. दोन्ही रुळांची पाती रस्त्याखालून एका दांड्याने जोडलेली असतात, आणि तिथेच रस्त्याखालच्या पेटीत जोरदार स्प्रिंग, त्यामुळे पातं एकतर इकडे नाहीतर तिकडे दाबून बसतं, मधे लटकत नाही. निदान लटकू नये.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवा बघून निघणं. सिग्नलने दाखवलं की पॉइंट उजवीकडे लागलाय, झालं, निघाले. दिवा ही फक्त खबर आहे हो, चाक जाणार पात्यावरून. माझंच सांगतो, सुरुवातीच्या दिवसांत एका संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, मागे गाड्यांची रांग, आणि मला पात्याचं टोक जरा वेगळं चमकताना दिसलं. थांबलो, उतरलो, बघतो तर चेपलेलं बाटलीचं झाकण पात्याच्या आणि रुळाच्या मधे, फट असेल जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. तेवढी पुरते! फ्लँज त्या फटीत घुसली की पुढची बोगी (डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा संच) एका रस्त्याला आणि मागची दुसऱ्या, आणि तीस मीटरची गाडी चौकात आडवी. केबिनमधल्या लोखंडी बारच्या टोकाने झाकण उडवलं, बारनेच पातं दोनदा इकडून तिकडे हलवून बघितलं, टक्कन बसल्याचा आवाज ऐकला आणि मग निघालो. मागच्यांनी हॉर्न मारून घेतले, मारू देत.

बारवरून आठवलं, पहारीसारखा तो लोखंडी बार केबिनमध्ये उगाच दिलेला नसतो. बोटं घालून कचरा काढायचा नाही, कधीच नाही. ऑटोमॅटिक पॉइंट असेल तर पातं न सांगता फिरतं आणि त्या स्प्रिंगला बोट आणि खडा यातला फरक कळत नाही. सायकलवाल्या मित्रांनाही हेच, पॉइंटवरून जाताना रूळ शक्य तितका काटकोनात ओलांडा, खाचेत टायर गेला की तुम्ही पण रुळावरून जाणार.

दुसरा घोळ ऑटोमॅटिक पॉइंट्सचा. जुन्या पद्धतीत वरच्या तारेवर एक कॉन्टॅक्ट असतो, त्याच्याखालून जाताना पॉवर ओढली तर पॉइंट एका बाजूला आणि नुसती घरंगळत नेली तर दुसऱ्या बाजूला. कुठली बाजू कशाला ते त्या त्या जागेवर ठरलेलं असतं, ते पाठच करायचं. नवीन माणूस काय करतो, अर्धवट पॉवर देतो, मग सोडतो, मग परत देतो, आणि नंतर म्हणतो पॉइंट बिघडलाय. नव्या पद्धतीत गाडी स्वतः आपला रूट कळवते, तिथे चूक आणखी सोपी, सकाळी डेपोतून निघताना रूटचा कोड चुकीचा टाकला की प्रत्येक फाट्यावर गाडी तिसरीकडेच जायला बघते. आणि पुढच्या ट्रामच्या शेपटीला चिकटून जाऊ नका, ती पात्यावर आहे तोवर पॉइंट लॉक असतो, तुमची मागणी कोणी ऐकतच नाही आणि तुम्ही तिच्याच मागे भलत्या रस्त्याला लागता.

आता रिव्हर्स. फाटा समोरून येतो तो फेसिंग, आणि दोन रूळ एकत्र येतात त्या बाजूने आपण आलो तर ट्रेलिंग. ट्रेलिंगला चाकंच पातं ढकलून वाट करून घेतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण स्प्रिंग पातं कायम एकाच बाजूला दाबणारी असेल तर प्रत्येक चाक गेलं की पातं परत मूळ जागी येतं. म्हणजे अर्धी गाडी पार झाली, मधेच थांबलात आणि "जरा मागे घेतो" म्हणून मागे घेतलीत, तर मागची चाकं आल्या वाटेवरच असतात आणि पुढची दुसऱ्याच वाटेला वळतात. तसंच चुकीच्या रस्त्याला थोडं गेलात तरी स्वतःच्या डोक्याने मागे यायचं नाही, उभे राहा, कंट्रोलला कळवा. बोलणी बसतील ती बसतील.

पॉइंट वारंवार नीट बसत नसेल तर कारण बहुधा कचराच. इथे रस्त्याकडेला प्लेन नावाची झाडं भरपूर, शरद ऋतूत पानांचा नुसता लगदा होतो खाचेत. त्यात आपली स्वतःची वाळू! ब्रेकला पकड यावी म्हणून ट्राम चाकांपुढे वाळू सोडते, ती पॉइंटवर सोडली की थेट पात्याखाली जाते, म्हणून शक्यतो पॉइंटच्या आधीच वेग कमी करून घ्या. काही जणांना वाटतं भरपूर ग्रीस थापलं की काम होईल, पण ग्रीसमध्ये वाळू मिसळली की त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते आणि पातं झिजतं. आधी खरवडून साफ करायचं, पेटीतला पाणी जायचा पाइप तुंबलाय का बघायचं, तेल नंतर. पण हे मेंटेनन्सवाल्यांचं काम, आपण रिपोर्ट करायचा, कुठला चौक, कुठली दिशा, पातं कुठल्या बाजूला अडकतं हे नीट सांगून. "पॉइंट खराब आहे" एवढंच सांगितलं तर ते बिचारे काय शोधणार.

आजोबांना हे सगळं ऐकवलं असतं तर खूश झाले असते. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बोरीबंदरहून दादरला गेली, दादर टी.टी. मधलं टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस हे आज तिथे रोज उतरणाऱ्या कितीतरी जणांना माहीत नसतं.

आणि एक, जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे खडखड-ठक असा आवाज येतो, तो बिघाड नाही. काही ठिकाणी तिथे खाच मुद्दाम उथळ ठेवतात, चाक तेवढ्यापुरतं फ्लँजच्या टोकावर चालतं म्हणजे खड्ड्यात आदळत नाही. मी पहिल्या आठवड्यात तो आवाज दोनदा रिपोर्ट केला होता, अजून डेपोत चिडवतात.