पॉलिअॅनिलीनवर हायड्रोजन सेन्सर करताय? आधी ब्लँक (हायड्रोजनशिवायची चाचणी) घ्या

पॉलिअॅनिलीनसारख्या कंडक्टिंग (वीज वाहणाऱ्या) पॉलिमरवर हायड्रोजन सेन्सिंगचा संशोधनाचा विषय मिळाला असेल तर विषय खरंच चांगलाय. टिन ऑक्साइडच्या सेन्सरला २०० ते ४०० अंश तापवत ठेवायला कायम हीटर लागतो, पॉलिअॅनिलीन रूम टेंपरेचरलाच चालतं. १० किलोओहमच्या फिल्मवर ०.१ व्होल्ट दिलात तर फिल्म खाते फक्त १ मायक्रोवॅट. शिवाय हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो, त्याच्याशेजारी गरम हीटर नसलेलाच बरा.

सिंथेसिस तुम्हाला येतंच, फक्त अॅनिलीन ताजं डिस्टिल करून घ्या. तयार पावडर आणून काम उरकायचा सल्ला मिळेल, मला तो अजिबात पटत नाही. डोपिंग (आम्ल देऊन पॉलिमर वीजवाहक करणं) किती झालंय हेच माहीत नसेल तर उद्या रेझिस्टन्स का सरकला ते काय सांगणार?

आता जिथे माझा अख्खा पावसाळा गेला ते नीट वाचा. जुलैत लॅबच्या हवेत ८० टक्के ह्युमिडिटी, त्या हवेत बेसलाइन (हायड्रोजन सोडण्याआधीचा रेझिस्टन्स) घेतली, मग नायट्रोजनमधल्या १ टक्का हायड्रोजनचा सिलिंडर उघडला, रेझिस्टन्स झरझर चढला, चेंबर उघडल्यावर छान खाली आला, ग्राफ बघून सगळे खूष. मग नुसता नायट्रोजन त्याच फ्लोने सोडला तर जवळजवळ तोच ग्राफ! सिलिंडरचा गॅस कोरडा असतो, त्याने फिल्ममधलं पाणी निघून जातं, प्रोटॉनची ये-जा मंदावते आणि रेझिस्टन्स वाढतो, यात हायड्रोजनचा काही संबंधच नाही. आणि चेंबर उघडला की बाहेरची दमट हवा आत येते म्हणून 'रिकव्हरी'ही एकदम झकास दिसते, फसायला होतं ते इथेच.

म्हणून बेसलाइन आणि टेस्ट, दोन्हीला कॅरिअर (हायड्रोजन ज्यात मिसळून सोडायचा तो गॅस) एकच ठेवा, तोही हवाच, कारण सेन्सर शेवटी हवेतच लागणार आहे. दोन्ही लाइनी एकाच ह्युमिडिटीला आणा, चेंबरमध्ये ह्युमिडिटी प्रोब ठेवा, आणि प्रत्येक रनला हायड्रोजनशिवायचा ब्लँक घ्याच घ्या. प्रोब तपासायला मिठाचं संपृक्त द्रावण पुरतं, बंद डब्यात २५ अंशांना ७५ टक्के दाखवायला हवं.

फिल्म गरम करून ओलावा घालवायचा शॉर्टकट तर नकोच, एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) हा डोपंट उडून जातो आणि वीज वाचवायचा मूळ मुद्दाच संपतो.

गाइड निवडताना पेपर किती ते मोजू नका, रॉ डेटा उघडून 'ब्लँक कुठाय?' विचारणारा गाइड मिळाला तर त्याला सोडू नका.

ब्लँक वजा केल्यावर अगदी बारीक सिग्नल उरेल, तेव्हा खचून जाऊ नका, नुसत्या पॉलिअॅनिलीनचं बऱ्याचदा असंच होतं. पॅलेडियमचे नॅनोकण घालून बघा, हायड्रोजनचा रेणू त्यांच्यावर फुटतो आणि सिग्नल वाढायला मदत होते. मात्र पॅलेडियम घातलेल्या फिल्मचा ब्लँक पुन्हा वेगळा घ्यायचा, जुना चालणार नाही.