गाडीला आवाजी आज्ञा देताना या चुका टाळा

२०१९ मध्ये एमजी हेक्टर, ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सेल्टॉस या गाड्या भारतात आल्या आणि तोंडी आज्ञा ऐकणारी गाडी मध्यमवर्गीय घरांच्या दारात उभी राहू लागली. नवी गाडी ताब्यात देताना तिच्या सुविधा ग्राहकाला समजावून सांगणे हे माझे काम असल्यामुळे या सोयीविषयीच्या तक्रारी आधी माझ्याकडे येतात, आणि त्यांतल्या बहुतेकींत गाडीचा काहीही दोष नसतो. पेढ्यांचा बॉक्स आणि छायाचित्र यांतच ज्यांचे लक्ष असते, ते माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतात आणि आठवड्याभरात ‘ही ऐकतच नाही’ म्हणून फोन करतात.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो आपण कोणाशी बोलत आहोत हे माहीत नसल्यामुळे. फोनमधली ॲप्स गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेने फोन जोडला की गाडीत ऐकणारे दोघे होतात: गाडीची स्वतःची प्रणाली आणि फोनमधला आवाजी सहायक (जसे गुगल असिस्टंट किंवा सिरी). सनरूफ, एसी आणि काही गाड्यांत खिडक्या हा पहिलीचा प्रांत. नकाशा, गाणी आणि संदेश हा दुसऱ्याचा. स्टिअरिंगवरचे बटण मात्र बहुधा एकच असते. अनेक गाड्यांत ते हलके दाबल्यास एक जागा होतो आणि दाबून धरल्यास दुसरा. कोणत्या दाबाने कोण, हे कंपनीगणिक बदलते आणि गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेले असते. ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढणारे लोक फोनच्या सहायकाला सनरूफ उघडायला सांगतात, ‘समजले नाही’ असे उत्तर आले की तेच वाक्य मोठ्याने म्हणतात आणि शेवटी ओरडतात. मी कोणत्याही नव्या गाडीत बसलो की ती उभी असतानाच बटण दोन्ही प्रकारे दाबून पडद्यावर काय उमटते ते पाहून ठेवतो, कारण दोघांचे पडदे वेगळे दिसतात आणि पुढे एका नजरेत ओळख पटते.

बटण दाबताच बोलायला सुरुवात करणे ही उतावळ्या माणसांची चूक आहे. ‘टिंग’ असा आवाज येण्यापूर्वी उच्चारलेले शब्द गाडीपर्यंत पोहोचतच नाहीत.

मायक्रोफोनविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. बहुतेक गाड्यांत तो छतात, पुढच्या दिव्याच्या किंवा आरशाच्या आसपास, बारीक छिद्रांच्या जाळीमागे असतो. एक गृहस्थ संपूर्ण इन्फोटेन्मेंट संच, म्हणजे गाणी-नकाशाचा पडदा आणि त्यामागची यंत्रणा, बदलून द्या, असा आग्रह धरून आले होते. मी त्यांना वाद न घालता गाडीच्या ब्लूटूथवरून घरी फोन लावायला सांगितले, तेव्हा पलीकडून त्यांच्या पत्नीने आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो आहे, असे सांगितले. म्हणजे अडचण भाषेची किंवा प्रणालीची नव्हती. वर पाहिले तर बाहेरून बसवून घेतलेल्या, रस्त्याचे चित्रण करणाऱ्या डॅशकॅमची वायर छताच्या कडेने नेताना बसवणाऱ्याने दुहेरी चिकटपट्टी थेट त्या जाळीवर लावलेली होती. पट्टी निघाली, वायर दोन बोटे सरकली आणि गाडी लगेच ऐकू लागली. तरीही, काही सुटा भाग बदलला असता तर बरे वाटले असते, असा त्यांचा चेहरा होता. दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वी ही फोनची चाचणी प्रत्येकाने करावी: पलीकडच्याला आवाज स्वच्छ येत असेल तर मायक्रोफोन निर्दोष आहे आणि कारण दुसरीकडे शोधायचे आहे. एसीचा पंखा पूर्ण वेगाने चालू असणे आणि वाऱ्याचा झोत छताकडे वळवलेला असणे हेही त्याच जातीचे दोष आहेत.

फोन जोडताना ‘संपर्क वापरू द्यायचे का’ या प्रश्नाला घाईने नकार देणाऱ्यांना नाव घेऊन फोन लावता येत नाही, याचे आश्चर्य वाटू नये. परवानगी दिली तरी ‘दादा ऑफिस नवीन २’ किंवा चार बदामांची चित्रे जोडलेले नाव इंग्रजीवर बेतलेल्या प्रणालीला पेलत नाही. नेहमी लागणारी मोजकी नावे मी रोमन लिपीत, नाव आणि आडनाव अशी साठवतो. गुगल असिस्टंट फोनवर २०१८ पासून मराठी समजतो, पण त्यावरून गाडीही समजेल असे गृहीत धरू नये. गाडीच्या सेटिंगमध्ये दिलेली भाषांची यादी पाहून, मराठी नसेल तर भारतीय इंग्रजी किंवा हिंदी निवडावी.

ठिकाणाचे नाव अर्धवट सांगू नये. नुसते वडगाव म्हटल्यास पुण्याच्या पूर्वेचे वडगाव शेरी, सिंहगड रस्त्याजवळचे वडगाव बुद्रुक आणि मावळातले वडगाव यांतले कोणते, हे गाडीने कसे ठरवावे?

घाटात नेटवर्क गेले की सर्व्हरवर आवाज पाठवणाऱ्या आज्ञा बंद पडतात; गाडीला इंटरनेटशी जोडणाऱ्या कनेक्टेड सेवेची फुकट मुदत संपली तरी तेच होते.

चालत्या गाडीत लांबलचक संदेश तोंडी सांगत बसणे मला मुळीच मान्य नाही. अमेरिकेतील एएए फाउंडेशन या रस्तेसुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आवाजी आज्ञा संपल्यानंतरही चालकाचे लक्ष २७ सेकंदांपर्यंत विचलित राहू शकते असे आढळले. ताशी १०० किलोमीटर वेगाने इतक्या वेळात गाडी ७५० मीटर पुढे जाते. चुकीचा ऐकलेला शब्द दुरुस्त करायला फोन हातात घेणारे तर हातात न धरता बोलण्यासाठी दिलेल्या सोयीचा हेतूच उलटवतात. मी पत्ता निघण्यापूर्वीच सांगतो आणि वाटेत फोन लावणे व तापमान बदलणे यापलीकडे जात नाही.

इतके करूनही काम होत नसेल तर फोन आणि गाडी या दोन्हींतून जुनी जोडणी पुसून ती नव्याने करावी. त्यानंतर सर्व्हिस सेंटरला यायचे झाल्यास तोच फोन बरोबर आणावा, आणि आपण नेमके कोणते वाक्य बोललो व पडद्यावर त्याऐवजी काय उमटले हे लिहून आणावे, कारण नुसते ‘ऐकत नाही’ एवढ्यावर तंत्रज्ञ सॉफ्टवेअर अद्ययावत करून गाडी परत देण्यापलीकडे काही करू शकत नाही.